दगडातलं झाड

मॅडम, नमस्कार.

मी भूशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आद्य प्राण्यांच्या जीवाश्मांवर पीएचडी करायची संधी आली आहे आणि महिनाभरात हो-नाही कळवायचं आहे. वर्षभरापूर्वी मी डोळे मिटून हो म्हटलं असतं. पण मधे फील्ड कँपला एक प्रकार घडला. वाळूच्या खडकाच्या एका लादीवर मला फर्नच्या पानासारखा सुबक ठसा दिसला. खडक इतका जुना की फर्नचा प्रश्नच नव्हता, म्हणून मला वाटलं की एडियाकरन काळातलं, म्हणजे ५४ कोटी वर्षांहूनही जुनं काहीतरी हाती लागलं. मी ओरडले, सगळे धावत आले. सरांनी एक नजर टाकली, "डेंड्राइट" म्हणाले, म्हणजे नुसती खनिजाची नक्षी, आणि हसले. मग सगळेच हसले. तेव्हापासून वर्गात माझं नाव 'फर्न' पडलंय. आणि पीएचडी करायची ती याच सरांकडे.

घरचे म्हणतात, मेलेल्या किड्यांवर पाच वर्षं घालवून पुढे काय? निदान डायनोसॉर असते तर चार लोकांना सांगता तरी आलं असतं. मला त्यांचं पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे सगळे झोपलेले असताना एकटीच जाऊन तो दगड पुन्हा पाहिला, तर भिंगातून ती नक्षी एका बारीक भेगेतून निघालेली दिसली. तसा त्याला आता काही अर्थ नाही म्हणा. माझी नजरच या कामाची नसेल तर आत्ताच थांबावं का?

— डेंड्राइटवाली

ता.क. स्वतःचं भिंग घ्यायचंय. कितीपटीचं घेऊ?

प्रिय डेंड्राइटवाली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा प्रश्न कळला, दुसऱ्यांदा त्याचं उत्तर सापडलं. ते तूच लिहून ठेवलंयस आणि "तसा त्याला आता काही अर्थ नाही म्हणा" असं म्हणून झटकूनही टाकलंयस. सगळे झोपलेले असताना तू त्या दगडाकडे परत गेलीस. कशाला गेलीस? दगडात काय आहे ते आदल्या दिवशीच कळलं होतं, सांगणारा माणूस जाणकार होता. सर चुकले असतील अशी थोडी आशा मनात असेल, तर तेही साहजिक आहे. पण तिथे बसून तू भिंग लावलंस आणि नक्षी कुठून निघाली ते शोधलंस. तुझ्या कँपमध्ये जेवढे हसले, त्यातल्या किती जणांना डेंड्राइट का ओळखता येतो हे सांगता येईल? त्यांना नाव कळलं. तुला कारण कळलं.

या डेंड्राइटने भल्याभल्यांना चकवलं आहे. भेगांमधून झिरपणारं पाणी मँगनीज आणि लोहाची ऑक्साइड्स मागे सोडत जातं आणि ती फांद्या फुटल्यागत पसरतात. दिसायला हुबेहूब झाड. पण हे झाड भेगेला बांधलेलं असतं. भेग जाईल तिथे ते जातं, थराची पर्वा करत नाही. त्याला उठाव नसतो, शाई सांडावी तसं ते पृष्ठभागावर पडलेलं असतं. फांद्यांच्या अंतराला काही हिशेब नसतो. आता याच्या शेजारी चार्निया ठेव, म्हणजे एडियाकरन काळातला तो पिसासारखा जीव. त्याला उठाव आहे, फांद्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून निघतात, प्रत्येक फांदीवर तशाच बारीक फांद्या. अशा जीवांपैकी कित्येकांच्या बुडाशी तळाला धरून ठेवणारी गोल चकती असते. शिवाय ते थरावर पडलेले असतात, आणि एकाच थरावर बरेच असले तर पुष्कळदा एकाच दिशेला आडवे झालेले दिसतात, कारण प्रवाहाने सगळ्यांना एकदमच लोळवलेलं असतं. पुढच्या वेळी ओरडायच्या आधी एवढं तपासलंस की झालं. आणि तपासून झाल्यावर जरूर ओरड.

चार्नियाचं नाव काढलंच आहे तर तुला टीना नेगसची गोष्ट सांगायला हवी. १९५६ साली इंग्लंडमधल्या चार्नवुड भागात या पंधरा वर्षांच्या मुलीला खडकावर पानासारखा ठसा दिसला. तिने शाळेत भूगोलाच्या शिक्षिकेला सांगितलं. उत्तर मिळालं की प्रीकँब्रियन, म्हणजे साधारण ५४ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत जीवाश्म नसतात. ती म्हणाली, पण हा तर प्रीकँब्रियन खडकातच आहे. मग तो जीवाश्म नाही, असं तिला सांगण्यात आलं. पुढच्याच वर्षी रॉजर मेसन नावाचा शाळकरी मुलगा मित्रांबरोबर तिथे कडे चढायला गेला, त्याला तोच ठसा दिसला, त्याने कागदावर त्याची छाप घेतली आणि ती वडिलांमार्फत लेस्टर विद्यापीठातल्या ट्रेव्हर फोर्ड यांच्यापर्यंत पोहोचली. फोर्ड जाऊन पाहून आले आणि १९५८ मध्ये चार्निया मेसोनाय हे नाव छापून आलं. जगाला प्रीकँब्रियन खडकातल्या जीवाश्माचा इतका निःसंशय पुरावा तोवर मिळालेला नव्हता. टीनाचं नाव या शोधाशी जोडलं जायला कित्येक वर्षं लागली.

मला या गोष्टीतली एक जागा फार बोचते. "हा जीवाश्म नाही" हे वाक्य टीनाला ऐकवलं गेलं आणि तुलाही. तिच्या बाबतीत ते चूक होतं, तुझ्या बाबतीत बरोबर. तिच्या शिक्षिकेने दगड पाहिलाच नाही, तुझ्या सरांनी पाहिला. सर हसले ते वाईट, त्याबद्दल पुढे बोलेनच. पण त्यांनी दगड पाहून सांगितलं, हे त्यांच्या पारड्यात टाक.

आता चुकांबद्दल. तुला वाटतंय की तू काहीतरी लाजिरवाणं केलंस. मग ज्या बिरादरीत तू शिरू पाहतेयस तिचा इतिहास ऐक.

१८९२ मध्ये कॅनडात एका विचित्र कोळंबीचं वर्णन छापून आलं, तिचं नावच अनोमॅलोकॅरिस, म्हणजे विचित्र कोळंबी. डोकं कुठे सापडेना. पुढे चार्ल्स वॉलकॉट यांना १९०९ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरात बर्जेस शेल या खडकातल्या जीवाश्मांचा खजिना सापडला, सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातून त्यांनी एक गोल, मधे भोक असलेला जेलीफिश वर्णिला आणि एक सागरी काकडीसारखा लांबट प्राणी. तीन प्राणी, तीन नावं, सगळं व्यवस्थित. मग हॅरी व्हिटिंग्टन दंतवैद्याच्या असाव्यात तशा बारीक हत्यारांनी एक जुना नमुना थरथराने कोरत गेले, आणि दगडाच्या आतून 'कोळंबी' बाहेर आली ती 'जेलीफिश'च्या शेजारी, 'सागरी काकडी'च्या तोंडापाशी. कोळंबी म्हणजे भक्ष्य धरायचा अवयव. जेलीफिश म्हणजे तोंड. काकडी म्हणजे धड. १९८५ मध्ये व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी हे सगळं जुळवून एकच शिकारी प्राणी उभा केला. पहिल्या नावापासून ९३ वर्षं झाली होती.

हॅल्युसिजेनियाची कथा तर याहून बहारदार. बोटाच्या पेराएवढा प्राणी, एका बाजूला काट्यांच्या जोड्या, दुसऱ्या बाजूला मऊ नळ्या. १९७७ मध्ये सायमन कॉनवे मॉरिस यांनी त्याला काट्यांवर उभं केलं आणि नळ्या पाठीवर ठेवल्या. दरम्यान चीनमधल्या युन्नान प्रांतात चेंगजियांगचे जीवाश्म उजेडात आले होते. हौ शियानग्वांग यांना त्यातला पहिला नमुना १९८४ च्या जुलैत माओत्यानशान टेकडीवर मिळाला. तिथल्या, बर्जेसपेक्षाही जुन्या भावंडांशी ताडून पाहिल्यावर १९९१ मध्ये हौ आणि लार्स राम्स्कोल्ड यांनी हा प्राणी उलटा केला. काटे पाठीवर, नळ्या म्हणजे पाय. एवढ्यावर भागलं नाही. एका टोकाला जो फुगीर गोळा होता त्याला सगळे डोकं समजत होते. २०१५ मध्ये मार्टिन स्मिथ आणि जाँ-बर्नार कॅरों यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर तो गोळा म्हणजे प्राणी गाडला गेल्यावर त्याच्या पोटातून पिळून बाहेर आलेला द्रव निघाला. खरं डोकं दुसऱ्या टोकाला होतं, दोन डोळे आणि दातांचं कडं घेऊन. म्हणजे बिचारा आधी उलटा आणि मग सुलटा झाल्यावरही पाठमोरा. कॉनवे मॉरिस यांच्या कारकिर्दीला यामुळे काही बट्टा लागला नाही. त्यांनी नमुना नीट रेखाटला होता, सगळी मापं दिली होती, म्हणूनच तर पुढच्यांना तो उलटा करता आला.

आणि अगदी अलीकडचं हवं असेल तर भीमबेटका घे. २०२१ मध्ये नामवंत संशोधकांच्या गटाने तिथल्या गुहेत, खडकाच्या उंच भागात, डिकिन्सोनिया दिसल्याचं पेपरात छापलं. डिकिन्सोनिया म्हणजे एडियाकरन काळातला, मधोमध रेघ असलेला चपटा लंबगोल जीव. जागा संरक्षित, हातोडी लावायचा प्रश्नच नाही, सगळी भिस्त छायाचित्रांवर. बातम्या झळकल्या. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने जवळून पाहून दाखवलं की तो ठसा गळून चाललाय आणि ते आग्या मोहोळाच्या पोळ्याचे अवशेष आहेत. मूळ गटाच्या प्रमुखाने चूक मान्य केली. तुझा डेंड्राइट निदान खनिज तरी होता.

माझंही सांगते, नाहीतर दुसऱ्यांच्या चुका मोजायला काय जातं. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी एका परिषदेत मी कृमींच्या बिळांवर बोलले होते. सुंदर, चातीसारख्या आकाराच्या रेघा, खडकभर. मागच्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांनी एवढंच विचारलं, "यांची टोकं नेहमीच निमुळती होतात का?" मी म्हटलं हो, आणि तो 'हो' तोंडातून निघता निघता माझ्या लक्षात आलं. बीळ करणारा प्राणी टोकाशी येऊन बारीक होत नाही. चिखल आकसताना पडलेल्या भेगा मात्र होतात. त्या वर्षी माझं एक संपूर्ण प्रकरण रद्दीत गेलं. पण आज मी कुठल्याही बिळाचं टोक आधी पाहते, आणि ते गृहस्थ नंतर माझ्या मदतीला आले. याहूनही वेडगळ चूक एका फील्ड हंगामात केली होती. चाळीसेक लाद्या काढल्या आणि वरची बाजू कुठली याचा बाण काढायलाच विसरले. थराची वरची बाजू कळत नसेल तर प्राणी पाठीवर पडलाय की पोटावर, बीळ खाली गेलंय की वर आलंय, काहीच सांगता येत नाही. हंगाम वाया. तू मात्र पहिला बाण काढ, मग बाकीचं सगळं.

घरच्यांचा प्रश्न तसा सोपा आहे, पण त्यांना पटेल असं उत्तर द्यायचं तर कोलेस्टेरॉलपासून सुरुवात कर. तो शब्द प्रत्येक घरात माहीत असतो. डिकिन्सोनिया नक्की काय होता यावर कित्येक दशकं वाद होता. कुणी म्हणे लायकेन, म्हणजे दगडफूल, कुणी म्हणे प्रचंड वाढलेला एकपेशीय जीव, कुणी म्हणे प्राणी. ठशात ना तोंड दिसतं ना आतडं, आणि काही नमुने तर मीटरभराहून मोठे. इल्या बोब्रोव्हस्की या पीएचडीच्या विद्यार्थ्याने रशियात श्वेत समुद्राच्या किनाऱ्यावरचे कडे गाठले. हेलिकॉप्टरने जायचं, दोराला लटकून कड्याच्या मधल्या थरातून वालुकाश्माचे ठोकळे सोडवायचे, खाली टाकायचे, धुवायचे. काही ठशांवर मूळ जैविक पदार्थाचा पापुद्रा शिल्लक होता. तो काढून त्यातल्या रेणूंचं विश्लेषण केलं. आजूबाजूच्या थरात शैवालाचे रेणू भरपूर, आणि डिकिन्सोनियाच्या पापुद्र्यात मात्र ९३ टक्क्यांपर्यंत कोलेस्टेरॉलच्या कुळातले. कोलेस्टेरॉल ही प्राण्यांची खूण. ५५.८ कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या जीवाने शेवटी आपल्या चरबीने साक्ष दिली. हा पेपर २०१८ मध्ये आला.

डायनोसॉरबद्दल त्यांना एवढंच सांग की पहिले डायनोसॉर साधारण २३ कोटी वर्षांपूर्वीचे. डिकिन्सोनिया आणि पहिला डायनोसॉर यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याहून डायनोसॉर आपल्याला जवळचे. तोंड, आतडं, डोळे, डावी-उजवी बाजू, कुणीतरी कुणाला तरी खाणं, हे सगळं पहिल्यांदा कधी आणि कसं झालं, तो प्रश्न तुला अभ्यासायच्या त्या काळातला आहे. कँब्रियन, म्हणजे एडियाकरननंतर लगेचच्या खडकांत प्राणी एकदम गर्दीने दिसतात आणि त्याखाली काहीच नाही, असं का, याचं समाधानकारक उत्तर डार्विनलाही १८५९ मध्ये देता आलं नव्हतं, आणि त्याने ते मोकळेपणाने कबूलही केलं होतं. आपण आता त्या 'काहीच नाही'ची पानं वाचतोय. याचा पैशात उपयोग काय, असं विचारलं तर मात्र सरळ सांग की थेट नाही.

रोजचं काम कसं असतं ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. कडे, दोर, हेलिकॉप्टर हे वर्षातले काही आठवडे. बाकीचं वर्ष ड्रॉवरमधल्या नमुन्यांसमोर, मायक्रोस्कोपपाशी आणि संगणकापुढे जातं. एडियाकरन ठसे बहुतेक वाळूच्या खडकाच्या थराच्या खालच्या अंगाला असतात आणि उठाव मिलिमीटरचा. दुपारच्या उन्हात ते अक्षरशः अदृश्य होतात. संध्याकाळी ऊन तिरकं झालं की तोच खडक भरून येतो, म्हणून प्रयोगशाळेतही एकच दिवा, अगदी जमिनीलगत धरून फोटो काढतात. मी तासन्‌तास तो दिवा अंशाअंशाने फिरवत बसले आहे. तुला हे कंटाळवाणं वाटेल की यात मन रमेल, हे महत्त्वाचं. दिव्याची दिशा बदलल्यावर जी रेघ नाहीशी होते ती प्राण्याची नव्हती, एवढं त्यातून कळतं.

दक्षिण ऑस्ट्रेलियात निलपेना इथे मेरी ड्रोसर यांचा गट वर्षानुवर्षं थरच्या थर उचलतो, उलटे करतो, कोड्याच्या तुकड्यांसारखे जुळवून मांडतो आणि त्यावरचा प्रत्येक ठसा मोजतो. त्या खडकांत बारीक बिळांच्या खुणा कित्येक वर्षं माहीत होत्या. कुणीतरी डावी-उजवी बाजू असलेला, स्नायू असलेला प्राणी वाळूतून रांगत गेला होता, पण तो स्वतः सापडत नव्हता. शेवटी बिळांच्या आसपास तांदळाच्या दाण्याएवढे लंबगोल खळगे कुणाच्या तरी डोळ्यांत भरले, लेझर स्कॅनरने ते त्रिमितीत टिपले, आणि शंभराहून जास्त नमुन्यांवर एक डोक्याकडे जाड, शेपटीकडे बारीक असा देह दिसला. २०२० मध्ये त्याचं इकारिया वारियूतिया असं नामकरण झालं. ते खळगे कुणी लपवून ठेवले नव्हते, बघणाऱ्यांच्या पायाखाली होते. चार्नवुडमध्ये २००७ साली एक मोठा खडकपृष्ठ टूथब्रश आणि पाण्याच्या फवाऱ्याने घासून स्वच्छ केला गेला, सिलिकॉनचा साचा घेतला गेला. त्यातल्या एका जीवाला नाव मिळालं २०२२ मध्ये. या धंद्यात पंधरा वर्षं म्हणजे काही फार नव्हे.

आणि वास. याबद्दल पुस्तकांत कमी लिहितात. जीवाश्म वाचायचा तर आधी प्राणी कसा कुजतो ते कळायला हवं, म्हणून काही लोक मेलेले प्राणी समुद्राच्या पाण्यात ठेवून रोज टिपणं काढतात. लेस्टरच्या गटाने अँफिऑक्सस आणि लँप्रे या माशासारख्या साध्या प्राण्यांपैकी अँफिऑक्सस आणि लँप्रेच्या अळ्या अशा कुजवल्या, तर निघालं काय की प्राण्याची प्रगत लक्षणं आधी विरघळतात आणि आदिम लक्षणं मागे उरतात. म्हणजे अर्धवट कुजलेला प्राणी दगडात सापडला तर तो असतो त्याहून जास्त आदिम वाटतो. २०१० चा हा पेपर वाचल्यापासून "किती आदिम प्राणी!" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कुजला किती होता? विषय तोच घेतलास तर डब्यांची झाकणं घट्ट बसतात ना ते बघ. आम्लांचंही तसंच. चुनखडी विरघळवायला ॲसिटिक ॲसिड पुरतं, पण सिलिकेट खडकासाठी हायड्रोफ्लोरिक लागतं, आणि त्याच्या जवळ एकटीने कधीही जायचं नाही. प्रयोगशाळेत विषारी वाफा ओढून घेणारं नीट फ्यूम हूड नसेल आणि "आम्ही असंच करतो" असं कुणी म्हणालं, तर तो नमुना राहू दे.

जीवाश्म शोधायला म्हणून गेलेल्यांनाच ते सापडतात असंही नाही. भूशास्त्रज्ञ रेग स्प्रिग १९४६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एडियाकरा टेकड्यांत गेले ते जुन्या खाणी पुन्हा चालवता येतील का हे पाहायला. शिव बालक मिश्र हे न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातले विद्यार्थी १९६७ मध्ये मिस्टेकन पॉइंटच्या परिसरात भूशास्त्रीय नकाशा बनवत होते, आणि ज्वालामुखीच्या राखेखाली दबलेला समुद्राचा अख्खा तळ त्यांच्यापुढे आला, सुमारे ५६.५ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे आज पादत्राणं काढून चालतात. त्या राखेत झिरकॉन या खनिजाचे कण असतात आणि युरेनियम-शिसे पद्धतीने त्यांचं वय काढता येतं, म्हणून हे वय एवढं नेमकं सांगता येतं. फ्रॅक्टोफुसस मिस्राय हे नाव त्यांच्यावरून २००७ मध्ये ठेवलं गेलं. मी हे सांगतेय ते एवढ्यासाठी की नकाशा काढता येणं, थर मोजता येणं, ही तुझी खरी शिदोरी आहे. जीवाश्म नाही मिळाला तरी नकाशा उरतो, आणि प्रबंध त्यावर उभा राहू शकतो.

नोकरीचं खोटं चित्र रंगवणार नाही. पीएचडीनंतर एक-दोन वर्षांच्या पोस्टडॉकच्या, म्हणजे तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्यांच्या साखळ्या असतात, कायमच्या जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ. चांगलं काम करूनही जागा न मिळालेले लोक मी पाहिले आहेत, त्यांच्यात काही कमी नव्हतं. म्हणून पहिल्या वर्षापासून असं काहीतरी शीक जे दुसरीकडेही चालेल. सीटी स्कॅनमधून त्रिमितीय प्रतिमा बांधणं, संख्याशास्त्र, थोडं प्रोग्रॅमिंग, सूक्ष्मजीवाश्मांवरून थरांचं वय लावणं. संग्रहालयातले नमुने सांभाळणं हेही एक पूर्ण वेळेचं आणि फार कसबाचं काम आहे, त्याला दुय्यम समजू नकोस. वॉलकॉट यांनी ६५ हजारांवर नमुने जमवून नीट ठेवले नसते तर व्हिटिंग्टन यांना कोरायला काय मिळालं असतं?

आता सरांकडे वळू. एकदा हसणं हा गुन्हा नाही, मीही हसले असेन कुणाला तरी, नंतर त्याची लाज वाटली असेल. पण पाच वर्षं ज्याच्यासमोर रोज "मला वाटतं हे असं आहे" म्हणायचं, त्याच्यापुढे तोंड उघडायची भीती वाटत असेल तर काम होणार नाही. ते स्वतः तपासून घे. त्यांच्याकडे जा आणि सांग की मी पहाटे परत जाऊन पाहिलं, नक्षी भेगेतून निघाली होती. एवढंच. मग त्यांचा चेहरा पाहा. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "मग थराशी तिचा कोन किती होता?" असं काही, तर बिनधास्त हो म्हण. त्यांनी विषय पुन्हा हसण्यावारी नेला, तर विचार कर. दुसरं, त्यांना विचार की तुमचं कुठलं मत नंतर बदललं? ज्याला या प्रश्नाचं उत्तर पटकन देता येतं तो चांगला गाईड असतो. उत्तर देता आलं नाही तर एक तर ते खोटं बोलताहेत किंवा फार थोडे दगड पाहिले आहेत. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशीही बोल, विशेषतः जे मधेच सोडून गेले त्यांच्याशी. पेपरवर नाव कुणाचं लागतं, फील्डचा खर्च कोण करतं, नमुने शेवटी कुठल्या सार्वजनिक संग्रहात जमा होतात, उत्खननाची परवानगी लेखी असते का, हे सगळं हो म्हणायच्या आधी. नमुने कपाटात कुलूप लावून ठेवणाऱ्या आणि कुणाला न दाखवणाऱ्या माणसाकडे जाऊ नकोस, मग तो कितीही मोठा असो.

दुसरा गाईड शोधावा लागला तर एक वर्ष जाईल. ५५ कोटी वर्षं थांबलेले आहेत ते.

'फर्न' या नावाचं काय करायचं ते तुझ्यावर सोडते. माझ्या ओळखीत एक जण आहे, तिला विद्यार्थी अजूनही 'भेग' म्हणतात. तो दगड मात्र टाकून दिला नसशील तर जपून ठेव. त्यावर जागा, थर, तारीख, वरच्या बाजूचा बाण आणि ओळख म्हणून 'डेंड्राइट' असं लिहून चिकटव. वर्गात शिकवायची वेळ आली की याच्याइतका उपयोगी नमुना दुसरा मिळणार नाही.

भिंग दहापटीचं घे. वीसपटीचा मोह होतो, पण त्यातून दिसणारा भाग फार लहान, उजेड कमी आणि हात जरा हलला की सगळं निसटतं. काचेची तिहेरी भिंगं बसवलेलं मिळालं तर उत्तम. भिंग डोळ्याला चिकटवून धर आणि दगड जवळ आण, उलट नको. आणि दोरी बांधून गळ्यात घाल. माझी तीन भिंगं खिशातून पडून गेली आहेत.